गुरुवारचा रस्ता

अण्णा, तुझी सायकल अजून ओसरीत आडवी उभी आहे. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण सायकलला कुणी हात लावला नाही. वहिनी पाण्याची कळशी कमरेवर घेऊन तिला वळसा घालून जाते. मी आधी कुबडी पलीकडे टाकते आणि मग भिंत धरून स्वतःला पलीकडे नेते. गाड्या कुठे उभ्या कराव्यात हे सगळ्या गावाला शिकवत फिरणाऱ्या माणसानं स्वतःची सायकल जन्मभर नेमकी दारात आडवी लावली, यावर आपण तिघं कितीदा तरी हसलोय. तू म्हणायचास, "घरात नियम नसतो माले, घरात माणसं असतात." मी म्हणायचे, "मग माणसांनी काय उड्या मारायच्या?" यावर तू चहा मागायचास. उत्तर नसलं की तुला नेहमी चहा लागायचा.

तू गेल्यावर लोकांनी पुष्कळ विचारलं. ताप कधी चढला, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी काही बोलले का. एक गोष्ट मात्र कुणी विचारली नाही, आणि मी ती दुपारभर मनात घोळवत बसायचे. आता गुरुवारी मी शाळेत कशी जाणार? तुला हसू येईल. भाऊ गेला आणि बहिणीला बाजाराचा वार आठवतो. पण काय करू, तू माझ्या आयुष्यात जास्तीत जास्त होतास तो गुरुवारीच.

हल्ली दुपारी मला डोळा लागतो. पूर्वी कधी लागत नसे. झोपेत आपली पेठ दिसते, पण ती पेठ नसते, पाट असतो. वेशीपासून कन्याशाळेपर्यंत संथ पाणी वाहतं, दुकानं काठावर असतात आणि मी पाण्यावरून चालत जाते. कुबडी हातात असते, पण ती टेकावी लागत नाही. तू बन्सीशेठच्या दुकानाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेला असतोस. मी हाक मारते तर तू नुसता हात हलवतोस, जा जा, उशीर होईल. जाग आली की पाय नेहमीसारखा जड असतो आणि बाहेर वहिनी तांदूळ निवडत असते.

आपली पेठ सहा दिवस साधी, शहाण्यासारखी असते. गुरुवारी तिच्या अंगात येतं. बेलापूरकडून, देवळाली प्रवऱ्याकडून, पार राहात्याच्या बाजूनंसुद्धा गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी आपल्या ठरलेल्या व्यापाऱ्याच्या दारात सुटते. बैल सोडून चाकाला बांधले की जू जमिनीवर टेकतं, आणि समोरासमोर सोडलेल्या गाड्यांच्या दांड्या रस्त्याच्या मधोमध एकमेकींना भेटतात. धडधाकट माणूस त्या ओलांडत जातो. बायका लुगडं सावरून जातात, पोरं उड्या मारतात. मी लहानपणी तापात पाय घालवून बसलेली. मला गुडघ्याएवढं जू म्हणजे डोंगर.

लहान होते तेव्हा लोक मला उचलून पलीकडे ठेवायचे. एका गाडीवाल्यानं उचलायचं, दुसऱ्यानं झेलायचं, अशी मी शाळेपर्यंत हातोहात पोचायचे. मला मजा वाटायची. खरं सांगू, मोठी झाल्यावरही मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. कन्याशाळेत शिकवायला लागल्यावरही गाडीवाले रंभाजीतात्या म्हणायचे, "या बाई, तुमचं काय वजन हाय व्हय, ज्वारीचं अर्धं पोतं बी न्हाई." आणि मी लाजत का होईना, हात पुढे करायचे. चिडायचास तू. एकदा तू ते पाहिलंस आणि घरी येऊन जेवला नाहीस. मी म्हटलं, "अरे, माणसं प्रेमानं करतात." तू म्हणालास, "प्रेमानं करतात म्हणूनच तर कुणाला काही बोलता येत नाही." त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटायच्या आधी तू उठून गेलास.

दुसऱ्या गुरुवारपासून तू मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून पाटाच्या कडेकडेनं, सगळ्या गावाला लांबचा फेरा मारून शाळेत सोडायला लागलास. किती बोलायचास रे तू त्या वाटेवर! वारा तुझा निम्मा शब्द घेऊन जायचा, उरलेला माझ्यापर्यंत यायचा. गाडी घेताना माणूस बैलाचे दात बघतो, चाकाची लोखंडी धाव बघतो, पण ती उभी कुठं करणार हे कुणी त्याला विचारत नाही. आज बैलगाड्या आहेत, उद्या साखर कारखान्याच्या जोरावर घरोघर मोटारी येतील. बैल निदान संध्याकाळी आपल्या घरी जातो. मोटारी रस्त्यावरच झोपतील, आणि माणसं भिंतीला चिकटून चालतील. मी मागून म्हणायचे, "पुढे बघून चालव, पाटात पडशील." उसाच्या तुऱ्यांवर ऊन असायचं. तुझा सदरा मुठीत धरून मला वाटायचं, हा फेरा संपूच नये. तुझ्या रस्त्यासाठी तू झुरत होतास, पण मला तो लांबचा रस्ताच आवडायला लागला होता. हे तुला कधी सांगितलं नाही. तू दुखावला असतास.

सुट्टीच्या दिवशी तू ओसरीत पेठ मांडायचास. खडूनं दोन रेघा, त्यांच्या कडेला काड्यापेट्यांची दुकानं, आणि मूठभर चिंचोके म्हणजे गाड्या. वहिनीचा तांब्या म्हणजे वेस. तासन् तास तू चिंचोके इकडचे तिकडे करत बसायचास. असे तिरपे लावले तर? एका अंगाला लावले तर? मग एकदम सगळे चिंचोके उचलून जोत्याखाली नेऊन ठेवायचास आणि मोकळ्या रेघांकडे बघत राहायचास. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही यायचं की मला तुझा हेवा वाटायचा. रिकाम्या रस्त्यावर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जोत्याखालची ती जागा म्हणजे वेशीबाहेरचा माळ. तिथे तू गाडीतळ करून घेतलास. नगरपालिकेतला तू साधा ओव्हरसिअर, पण सभेत उभा राहून तू सांगितलंस की रस्ता गावाचा आहे, कुणाची गाडी कुठं आणि किती वेळ उभी राहील हे गावानं ठरवायचं, दुकानदारानं नव्हे. एक सभासद म्हणाले, "ओव्हरसिअर, बसा, चहा घ्या." तू चहा घेतलास आणि परत उभा राहिलास. शेवटी कंटाळून त्यांनी तुला माळ दिला. तू तिथे बैलांसाठी हौद बांधलास, सावलीला कडुनिंब होतेच. सगळं इतकं छान झालं होतं की मी म्हटलं, आता मलाच बैल व्हावंसं वाटतं.

गुरुवार आला आणि माळावर एकही गाडी सुटली नाही. गाड्या आपल्या पेठेतच.

तू रंभाजीतात्यांना विचारलंस, मी तेव्हा सायकलवर बसलेली होते. तात्या ओशाळले. म्हणाले, "सायेब, तुमचं समदं खरं हाय. पर आमच्या आज्यापासून गाडी शेठच्या दारात सुटती. माळाला सोडली तर लोक म्हनतील, शेठनं ह्याला दारात उभं करून घेतलं न्हाई. काय तोंड दाखवू मी?" आणि दुकानातून बन्सीशेठ म्हणाले, "ओव्हरसिअरसाहेब, माझ्या दारात गाड्या दिसल्या नाहीत तर लोक समजतील शेठ बुडाला." दोघांना जागेचं काही पडलं नव्हतं, पडलं होतं ते अब्रूचं. दारात सुटलेली गाडी म्हणजे दोन घरांचं नातं होतं, तिला चहा होता, बैलांना मूठभर पेंड होती. तुझ्या चिंचोक्यांना अब्रू नव्हती अण्णा, तिथेच तुझं चुकलं होतं. मी तसं म्हटल्यावर तू दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोललास.

मग तू नमतं घेतलंस. गाड्या दारात राहू देत, पण दांड्या दुकानाकडे करा आणि मधून माणूस जाईल एवढी वाट सोडा. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तू दगड रोवलेस. चुना लावलास तो चाकांनी पुसला. तेव्हा पाण्याच्या टाकीच्या लोखंडाला लावून उरलेला शेंदरी रंग होता, तो तू सगळ्या दगडांना फासलास. स्वतः उकिडवा बसून. हाताची बोटं आठवडाभर लाल होती, वहिनी ताट वाढताना तुला चिडवत होती.

आणि मग तो गुरुवार. तो मी कसा विसरेन? तू सायकल काढलीस ती मी परत ठेवायला लावली. म्हटलं, बघून तर येऊ. पेठेच्या तोंडाशी आपण दोघं थांबलो. गाड्या होत्या, माणसं होती, गुळाचा वास होता, पण मधून वाट होती. सरळ, मोकळी, शाळेपर्यंत. शेंदरी दगडांच्या आत एकही जू नव्हतं. तू म्हणालास, "जा." एवढंच. मी गेले. कुबडी, पाय, कुबडी, पाय. दोन्हीकडे बैल रवंथ करत होते, कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. तीस वर्षांची घोडी मी, पण पहिल्यांदा बाजारातून एकटी चालले. मध्येच मला थांबून बांगड्या बघाव्याशा वाटल्या, तर मी थांबले आणि बघितल्या. शाळेच्या फाटकातून मागे वळून पाहिलं तेव्हा तू अजून तिथेच उभा होतास. लांबून तुझा चेहरा दिसत नव्हता. पण तू डोळे पुसत होतास हे मला कळलं, कारण तू चष्मा काढला होतास.

असे किती गुरुवार मिळाले आपल्याला? थोडेच. एका बाजारी तू दगडांपाशी गेलास तर एकावर फूल, एकापुढे नारळाची शकलं. एक म्हातारी वाकून नमस्कार करत होती. तू विचारलंस, आजी, हे काय? ती म्हणाली, "आरं लेकरा, देव हायेत न्हवं. येका राती समदे उगवले. देवाच्या म्होरं गाडी कुनी सोडंल व्हय?" तू घरी आलास तो पांढराफटक पडलेला. मी मात्र इतकी हसले की कुबडी पडली.

त्या संध्याकाळचं भांडण आपण पुरं केलं नाही. मी म्हणत होते, राहू दे. कुणाचं काय बिघडतंय? त्यांना देव मिळाला, मला रस्ता मिळाला. तू ओसरीत येरझाऱ्या घालत होतास. "माले, त्यांनी वाट तुझ्यासाठी सोडलेली नाही. दगडासाठी सोडलीय." मी म्हटलं, "मला चालायला तर येतंय!" तू म्हणालास, "आज दगड आहे म्हणून. उद्या दगड फुटला तर? परवा कुणी तिथे देऊळ बांधलं तर? मग तूही गेलीस आणि रस्ताही गेला." मी ओरडले की तुझ्या तत्त्वाला पाय आहेत, मला नाहीत. हे मी म्हटलं. म्हटलं ते म्हटलं, अजूनही मागे घेत नाही.

पुढच्या बाजारी सकाळी तू बादली आणि घासणी घेऊन गेलास आणि भर पेठेत, सगळ्यांच्या देखत दगड खरवडलेस. प्रत्येक गाडीवाल्याला सांगितलंस की हा रंग टाकीचा आहे, मी लावलाय, हा देव नाही, ही माणसांची वाट आहे, माणसांसाठी मोकळी ठेवा. लोकांनी ऐकून घेतलं. तुझा मान राखला, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. आणि दुपारपर्यंत सगळ्या दांड्या परत मध्ये आल्या. तू परत सायकल काढलीस. मी कॅरिअरवर बसले, पण त्या दिवशी तुझा सदरा धरला नाही, सीटची स्प्रिंग धरली.

त्यानंतर दुष्काळ आला. गाड्या येईनात. कुणाचे बैल छावणीत, कुणाचे विकलेले. रंभाजीतात्या खडी फोडायच्या कामावर. गुरुवारी पेठ अशी मोकळी पडायची की या टोकाला खोकलं तर त्या टोकाला ऐकू यायचं. आपण दोघं मधून चालत जायचो. धूळ सोनेरी दिसायची, आपल्या सावल्या लांब पडायच्या, सगळं झोपेत चालल्यासारखं वाटायचं. तुला हवा होता तसा रस्ता, अगदी ओसरीतल्यासारखा. मी म्हटलं, "घे, मिळाला तुला." तू म्हणालास, "असा नको होता गं." आणि बन्सीशेठच्या दारात, जिथे तात्यांची गाडी सुटायची, तिथे तू थोडा वेळ उभा राहिलास. त्या दिवशी मला तू फार आवडलास. तुला माणसांशिवायचा रस्ता नको होता, तुला माणसांनी एकमेकांसाठी सोडलेला हवा होता. हे मला तेव्हा कळलं, पण पटलं होतं असं नाही.

पाऊस झाला, बैल परत आले, गाड्या आल्या, दांड्या आल्या. तू परत सभेत उभा राहायला लागलास. आणि मग तो ताप.

तुझ्या मागे मुख्याध्यापिकाबाई भेटायला आल्या. फार चांगल्या आहेत. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मालतीबाई, आता गुरुवारी तुम्ही घरीच थांबत जा. तुमचे तास आम्ही वाटून घेऊ. कुणी काही म्हणणार नाही." मी हो म्हटलं. त्या गेल्यावर वहिनी म्हणाली, "बरं झालं." मीही म्हटलं, बरं झालं. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि तू का जेवला नव्हतास ते मला त्या दिवशी समजलं. गुरुवार दिला की पुढे आणखी काय काय प्रेमानं काढून घेतील ते दिसायला लागलं. पावसाळ्यात चिखल असतो, घरी थांबा. थंडीत पाय दुखतो, घरी थांबा. कुणी काही म्हणणार नाही.

आज गुरुवार होता अण्णा. मी निघाले. वहिनी म्हणाली, वेड लागलंय का तुम्हाला. मी म्हटलं, हो.

पेठेच्या तोंडाशीच तात्यांची गाडी, नवी बैलजोडी, आणि जू आडवं रस्त्यात. मला बघून तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सायेब लई भला मानूस हुता बाई," म्हणाले, आणि डोळे पुसून दोन्ही हात पुढे केले. "या, पलीकडं ठिवतो." तेच हात. लहानपणापासूनचे. मला त्या हातांचा राग नाही, कधीच नव्हता. पण मी कुबडी घट्ट रोवली.

म्हटलं, "तात्या, मला उचलू नका. गाडी उचला."

त्यांना कळेना. "आवं, येका घटकेचं काम हाय." मी म्हटलं, "गाडीचंही घटकेचंच आहे." बन्सीशेठ गादीवरून उठून पायरीवर आले. मागे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका तुंबल्या, एक सायकलवाला घंटी वाजवायला लागला. मी हलले नाही. तू बरोबर नाहीस याचा इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. तात्यांनी शेठकडे पाहिलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मग शेठ म्हणाले, "घ्या हो तात्या जरा दुकानाकडे. बाई काही ऐकायच्या नाहीत."

तात्यांनी जू खांद्यावर घेतलं आणि गाडी फिरवली. मी पुढे गेले. पुढे दुसरी गाडी होती. तिथे परत थांबले, परत सांगितलं. मग तिसरी. एक जण तर हुज्जत घालायला लागला, "आता काय रोज गाड्या फिरवायच्या का आमी?" मी म्हटलं, "रोज नाही, दर गुरुवारी." शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती, मुली गृहपाठाच्या वह्या काढून बसल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला उशिराबद्दल विचारलं.

दगडांच्या बाबतीत मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. ते तू खरवडायला नको होतेस, निदान वर्षभर तरी. तू असतास तर आज यावर परत भांडलो असतो. पण एक सांगते, ऐक. आज त्या माणसांनी गाड्या हलवल्या त्या दगडासाठी नाही, आणि कीव येऊनही नाही. कपाळाला आठ्या घालून हलवल्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, दुसऱ्या कुणाही धडधाकट माणसासाठी हलवल्या असत्या तशा. माझ्यावर लोक पहिल्यांदा वैतागले अण्णा. भर बाजारात, सगळ्यांसमोर, चांगले वैतागले.